बनावट दस्तऐवज कुठे होता? प्रेस्टेल खटला, १९८५-१९८८

इंटरनेट घरोघरी येण्यापूर्वी ब्रिटनमध्ये ‘प्रेस्टेल’ नावाची सेवा होती. टेलिफोनच्या तारेतून बातम्या, वेळापत्रके आणि ग्राहकांची पत्रपेटी थेट पडद्यावर येत असे. सेवा ब्रिटिश टेलिकॉमची.

रॉबर्ट शिफ्रीन आणि स्टीव्ह गोल्ड या दोघा संगणकप्रेमींना तिच्या एका अंतर्गत खात्याची किल्ली सापडली. ओळखक्रमांक आठ वेळा २, पासवर्ड १२३४! या वाटेने पुढे सरकत ते राणीचे पती प्रिन्स फिलिप यांच्या पत्रपेटीपर्यंत पोहोचले. पैसा कमावण्याचा हेतू नव्हता. आपले कौशल्य दाखवायचे होते.

१९८५ मध्ये दोघांना अटक झाली आणि खरा पेच उभा राहिला: गुन्हा कोणता? चोरी म्हणावी, तर माहिती ही चोरता येण्याजोगी ‘मालमत्ता’ नाही, असे इंग्रज न्यायालयाने १९७८ मध्येच ठरवले होते. तो खटला प्रश्नपत्रिका आधीच मिळवणाऱ्या एका विद्यार्थ्याचा होता. संगणकात अनधिकृत प्रवेश करणे हा स्वतंत्र गुन्हा तर कायद्यात नव्हताच.

सरकारी पक्षाने मग १९८१ चा बनावटीकरणाचा कायदा उचलला. त्यात ‘दस्तऐवज’ या शब्दात माहिती नोंदवलेली वा साठवलेली डिस्क आणि टेपही येत. पण येथे बनावट दस्तऐवज कोणता? सरकारी पक्षाचे उत्तर असे: दुसऱ्याचा पासवर्ड टाइप होताच प्रेस्टेलचा संगणक तो तपासणीपुरता क्षणभर धरून ठेवतो आणि लगेच पुसतो, त्या क्षणापुरता संगणकाचा तो भागच बनावट दस्तऐवज. आणि फसवणूक कोणाची? त्याच संगणकाची. म्हणजे खोटी हुंडीही तोच आणि फसलेला सावकारही तोच.

ज्यूरीने तरीही दोषी ठरवले. शिफ्रीनला ७५० पौंड आणि गोल्डला ६०० पौंड दंड झाला.

अपिलात मात्र सरन्यायाधीश लॉर्ड लेन यांनी दोघांना सोडले. ग्रीक कथेतला प्रोक्रस्टीस पाहुण्याला पलंगाच्या मापात बसवण्यासाठी त्याचे पाय ताणी वा तोडी. घटनेला कायद्यात कोंबण्याचा हा खटाटोप त्यांना तसाच वाटला. युक्तीने माहितीसाठ्यात शिरणे हा गुन्हा ठरवायचा असेल, तर ते काम संसदेचे, न्यायालयाचे नव्हे. १९८८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनेही मुक्तता कायम केली: ‘नोंद’ म्हणजे काही काळ टिकणारी गोष्ट, निमिषार्धात पुसली जाणारी नव्हे.

निकाल अनेकांना खटकला, पण तो योग्यच होता. शब्द हवे तसे ताणता आले, तर उद्या कोणतेही कृत्य कोणत्याही कलमात बसवता येईल आणि आरोपीला ते आधी कळण्याचा मार्गच उरणार नाही.

संसदेने १९९० मध्ये संगणक गैरवापर कायदा केला आणि अनधिकृत प्रवेश हाच गुन्हा ठरवला. तंत्र बदलत राहणार म्हणून ‘संगणक’ या शब्दाची व्याख्या मात्र मुद्दामच केली नाही. पुढच्याच वर्षी एक माणूस आपल्या जुन्या मालकाच्या दुकानात गेला आणि तिथल्याच संगणकावर स्वतःला ७० टक्के सूट देऊन आला. न्यायाधीशांनी त्याला सोडले: त्यांच्या वाचनाप्रमाणे गुन्ह्यासाठी एका संगणकातून दुसऱ्यात शिरणे आवश्यक होते. हा अर्थ चुकीचा असल्याचे अपील न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितले.