भारत : पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील कामगिरी (१९५१)

नवी दिल्ली येथे ४ ते ११ मार्च १९५१ या काळात भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत यजमान भारताने १५ सुवर्ण, १६ रौप्य आणि २० कांस्य अशी एकूण ५१ पदके मिळवून अकरा देशांत दुसरे स्थान पटकावले. पहिल्या स्थानावर २४ सुवर्णांसह ६० पदके मिळवणारा जपान होता, तर तिसऱ्या स्थानावर ८ सुवर्णे जिंकणारा इराण. आशियाई स्पर्धेच्या पदकतालिकेत दुसरे स्थान भारताला त्यानंतर कधीही मिळालेले नाही. १५ सुवर्णांचा उच्चांक तर २०१८ सालच्या जाकार्ता स्पर्धेपर्यंत, म्हणजे ६७ वर्षे, कुठल्याही भारतीय पथकाला ओलांडता आला नाही. स्वातंत्र्य मिळून चार वर्षेही पुरी न झालेल्या देशाची ही कामगिरी भारतीय क्रीडा-इतिहासात वेगळी नोंद करावी अशीच आहे. मात्र कोणते देश आले होते, कोणते खेळ ठेवले होते आणि कोणते पदक कोणाविरुद्ध मिळाले, हे पाहिल्याखेरीज तिचे खरे मोल कळत नाही.

पार्श्वभूमी : आशियातील देशांनी एकत्र येऊन खेळावे ही कल्पना नवी नव्हती. मार्च १९३४ मध्ये दिल्लीतच ‘वेस्टर्न एशियाटिक गेम्स’ या नावाची छोटी स्पर्धा झाली होती आणि तिच्यामागे लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे गुरुदत्त सोंधी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी सोंधींनीच तेथे जमलेल्या आशियाई पथकांच्या प्रमुखांपुढे हा विषय पुन्हा मांडला. फेब्रुवारी १९४९ मध्ये दिल्लीच्या पतियाळा हाउसमध्ये आशियाई क्रीडा महासंघाची स्थापना झाली आणि पतियाळाचे महाराजा यादवेंद्र सिंह त्याचे पहिले अध्यक्ष झाले. स्पर्धा १९५० मध्ये भरायची होती. तयारी रखडल्याने ती पुढे ढकलावी लागली. मतभेदांमुळे सोंधी आयोजनातून बाजूला झाले आणि सूत्रे अँथनी डिमेलो यांच्याकडे आली. मूळचे गोमंतकीय कुटुंबातले डिमेलो हे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या संस्थापकांपैकी एक. मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम उभे करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. दिल्लीतील जुन्या आयर्विन ॲम्फिथिएटरचे ‘नॅशनल स्टेडियम’ झाले ते याच स्पर्धेच्या निमित्ताने. आज तेच मैदान मेजर ध्यानचंद यांच्या नावाने ओळखले जाते. सोंधींची दृष्टी आणि डिमेलोंची धडाडी या दोन्हींचे ऋण या स्पर्धेवर आहे. एकाचेच नाव घेणे दुसऱ्यावर अन्याय करणारे ठरेल.

उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. ४८९ खेळाडूंनी ५७ प्रकारांत भाग घेतला. मैदानी खेळ, जलक्रीडा (पोहणे, डायव्हिंग, वॉटरपोलो), बास्केटबॉल, सायकलिंग, फुटबॉल आणि भारोत्तोलन एवढेच खेळ होते. महिलांसाठी केवळ मैदानी खेळांतील प्रकार ठेवले होते. चीन आणि पाकिस्तान आले नाहीत. कोरियात युद्ध पेटलेले असल्याने तोही आला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडन ऑलिंपिकपासून दूर ठेवलेला जपान मात्र आला होता. आंतरराष्ट्रीय क्रीडाक्षेत्रात त्याच्या पुनरागमनाची ही पहिली मोठी संधी होती, आणि ती देण्यात भारताने पुढाकार घेतला हे विसरता येत नाही.

मैदानी खेळ : भारताच्या १५ पैकी १० सुवर्णे मैदानी खेळांतील होती. जपानची सुवर्णे मैदानी खेळ आणि सायकलिंग या दोनच खेळांतून आली होती. म्हणजे भारतीय खेळाडूंनी ही दहा सुवर्णे जपान ज्या खेळात सर्वांत बलवान होता तेथेच जिंकली. भारताच्या एकूण यशाचा गाभा म्हणून या दहा पदकांकडेच बोट दाखवावे लागेल.

त्यांत सर्वांत झळकणारे नाव लेव्ही पिंटो यांचे. गोमंतकीय कुटुंबातील पिंटो यांचा जन्म नैरोबीत १९२९ मध्ये झाला आणि शिक्षण मुंबईत डाबूल भागातील शाळेत. दिल्लीत त्यांनी १०० मीटर १०.८ सेकंदांत आणि २०० मीटर २२.० सेकंदांत जिंकून दोन्ही वेगवान शर्यतींची सुवर्णे एकाच स्पर्धेत मिळवली. शिवाय ४ × १०० मीटर रिलेत रौप्यपदक मिळवणाऱ्या चमूतही ते होते. आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या १०० मीटर शर्यतीचे सुवर्ण मिळवणारा दुसरा भारतीय अजून झालेला नाही. २०० मीटरमध्ये पुढे मिल्खा सिंग (टोकियो, १९५८) आणि महिलांत पी. टी. उषा (सेऊल, १९८६) यांनी सुवर्णे आणली. १०० मीटरची जागा मात्र पिंटो यांच्या नावावरच राहिली आहे. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि २०२० मध्ये शिकागो येथे त्यांचे निधन झाले. मुंबईत घडलेल्या या धावपटूची ओळख मराठी वाचकाला आज जवळजवळ नाही, आणि ती व्हायला हवी.

मध्यम पल्ल्याच्या शर्यतींत रणजित सिंग (८०० मीटर) व निक्का सिंग (१,५०० मीटर) पहिले आले. मॅरेथॉन छोटा सिंग यांनी जिंकली. चालण्याच्या दोन्ही शर्यती भारताकडे आल्या : १० हजार मीटरमध्ये महावीर प्रसाद आणि ५० किलोमीटरमध्ये बख्तावर सिंग. गोळाफेकीत मदनलाल व थाळीफेकीत माखन सिंग सुवर्णाचे मानकरी ठरले. (१९६२ च्या जाकार्ता स्पर्धेतले प्रसिद्ध धावपटू माखन सिंग हे वेगळे.) दहावे सुवर्ण ४ × ४०० मीटर रिलेचे. ही यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते : वेग, दम आणि ताकद या तिन्ही अंगांत तेव्हाच्या भारतीय मैदानी खेळाला बळ होते. त्यानंतरच्या दशकांत हे बळ काही मोजक्या प्रकारांपुरते आणि मोजक्या नावांपुरते उरले.

महिला : भारताची पंधराही सुवर्णे पुरुषांनी मिळवलेली आहेत. तरीही महिलांची कामगिरी तळटीपेत टाकण्याजोगी नाही. मुंबईच्या रोशन मिस्त्री यांनी १०० मीटरमध्ये रौप्य मिळवले. वांद्र्याच्या मेरी डिसोझा यांना २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळाले, आणि दोघींनी मिळून ४ × १०० मीटर रिलेच्या रौप्यपदकातही वाटा उचलला. मेरी डिसोझा हॉकीही खेळत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेल्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या महिला खेळाडूंमध्ये त्या होत्या आणि १९५४ मध्ये मनिला येथील आशियाई स्पर्धेत ४ × १०० मीटर रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या चमूतही होत्या. त्यांना ध्यानचंद जीवनगौरव पुरस्कार मिळाला तो थेट २०१३ मध्ये. दिल्लीतल्या या पदकांच्या वेळी देशात मुलींसाठी धावण्याच्या सोयी किती तुटपुंज्या होत्या हे ध्यानात घेतले, तर मिस्त्री आणि डिसोझा यांच्या पदकांचे वजन पुरुषांच्या कित्येक सुवर्णांहून कमी भरणार नाही.

जलक्रीडा : आशियाई स्पर्धेतील भारताचे पहिले सुवर्णपदक जलतरणातले आहे. कोलकात्याच्या सचिन नाग यांनी १०० मीटर मुक्त शैलीची शर्यत १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकून ते मिळवले. १९४७ च्या दंगलींच्या दिवसांत गोळी लागून नाग यांचा पाय जखमी झाला होता. त्यातून उठून ते १९४८ च्या ऑलिंपिकला गेले आणि मग दिल्लीत उतरले. रिले शर्यतींत त्यांनी आणखी दोन कांस्यपदके मिळवली. लांब पल्ल्याच्या मुक्त शैलीत सिंगापूरच्या निओ च्वी कोक यांचे वर्चस्व होते, त्यामुळे १०० मीटरचे हे सुवर्ण अधिकच उठून दिसते. पोहण्याच्या शर्यतींत भारताला आशियाई स्पर्धेत मिळालेले ते आजवरचे एकमेव सुवर्ण आहे. त्यानंतरची वैयक्तिक पदके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच : खजानसिंग यांचे रौप्य (१९८६), कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे कांस्य (२०१०) आणि संदीप सेजवाल यांचे कांस्य (२०१४). नाग यांचे १९८७ मध्ये निधन झाले. ध्यानचंद पुरस्कार त्यांना २०२० मध्ये, मरणोत्तर, देण्यात आला. जिवंतपणी देशाकडून त्यांना हा मान मिळायला हवा होता.

के. पी. ठक्कर यांनी तीन मीटर स्प्रिंगबोर्ड आणि दहा मीटर उंच मंच या डायव्हिंगच्या दोन्ही प्रकारांत सुवर्ण मिळवले. वॉटरपोलोतही भारत पहिला आला. जलक्रीडेतील एकही सुवर्ण जपानकडे गेले नाही, आणि भारताची चार सुवर्णे मोजताना हे लक्षात ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे. त्याने नाग किंवा ठक्कर यांचे श्रेय उणे होत नाही. फक्त मैदानी खेळांतील दहा सुवर्णांहून या चारांची कसोटी निराळी होती एवढेच.

फुटबॉल : मैदानावरच्या प्रेक्षकांना सर्वांत जवळचे वाटलेले सुवर्ण हे. शैलेन मन्ना कर्णधार होते आणि हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम प्रशिक्षक. पेशाने शिक्षक असलेल्या रहीम यांनी या संघाला शिस्त आणि डावपेचांची जाण दिली. भारताने इंडोनेशियाला ३–० व अफगाणिस्तानला ३–० असे हरवले आणि अंतिम सामन्यात इराणवर १–० अशी मात केली. निर्णायक गोल शाहू मेवालाल यांचा. स्पर्धेत सर्वाधिक गोलही त्यांचेच. सामने ८० मिनिटांचे होते आणि भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळत होते. पुढल्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताला युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा दारुण पराभव पत्करावा लागला, आणि त्यानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. आशियाई विजेता संघ एका वर्षात इतका मागे पडावा यातून तेव्हाच्या आशियाई आणि युरोपीय फुटबॉलमधले अंतर कळते. रहीम यांनी १९६२ मध्ये जाकार्तात भारताला पुन्हा सुवर्ण मिळवून दिले. त्यानंतर फुटबॉलमध्ये सुवर्ण आलेले नाही.

इतर खेळ : भारोत्तोलनातील सातही सुवर्णे इराणने नेली आणि सायकलिंगमधील चारही जपानने. बास्केटबॉलमध्ये फिलिपाइन्स विजेता ठरला. भारताला या तीन खेळांत सुवर्ण मिळाले नाही. स्पर्धेच्या निमित्ताने झालेल्या शरीरसौष्ठव स्पर्धेत भारताचे परिमल रॉय ‘मिस्टर एशिया’ ठरले, पण ते पदकतालिकेत धरले जात नाही.

मूल्यमापन : यजमानपदाचा फायदा, ११ देशांचाच सहभाग आणि चीनची अनुपस्थिती ही कारणे दाखवून या दुसऱ्या स्थानाला काहीजण फारसे महत्त्व देत नाहीत. आकडे त्यांना थोडा आधार देतात. तीन वर्षांनी मनिला येथे भारताची सुवर्णे ५ वर आली, टोकियोतही (१९५८) ती ५ च राहिली. परंतु या युक्तिवादाची दुसरी बाजू क्वचितच मांडली जाते. भारताचे हमखास बळ असलेला हॉकी हा खेळ दिल्लीत नव्हता. १९४८ चे ऑलिंपिक सुवर्ण हातात असलेल्या देशाने आपल्या घरच्या स्पर्धेत हॉकी खेळलीच नाही. आशियाई स्पर्धेत ती १९५८ मध्ये आली. कुस्तीही नव्हती, ती १९५४ पासून सुरू झाली. लंडनमध्ये सहावे आलेले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव त्यामुळे मायदेशातल्या या स्पर्धेत उतरू शकले नाहीत. कबड्डी तर १९९० मध्ये आली. म्हणजे पुढे भारताला सुवर्णे देणारे हॉकी, कुस्ती आणि कबड्डी हे खेळ दिल्लीच्या वेळापत्रकात नसताना ही १५ सुवर्णे आलेली आहेत.

एकूण ५१ पदकांचा आकडा १९८२ मध्ये, पुन्हा दिल्लीतच, ५७ पदकांनी मागे पडला. सुवर्णांत मात्र तेव्हा १३ आणि २०१० मध्ये ग्वांगझोऊला १४ एवढीच मजल गेली. मधल्या काळात १९९० च्या बीजिंग स्पर्धेत भारताला एकच सुवर्ण मिळाले, तेही कबड्डीचे. २०१८ मध्ये जाकार्तात १५ सुवर्णे झाली आणि उत्तेजकांच्या कारणावरून बहारीनचा मिश्र रिले संघ बाद ठरल्यावर ती १६ झाली. हांगझोऊच्या स्पर्धेत (२०२३ मध्ये झालेली २०२२ ची स्पर्धा) भारताने २८ सुवर्णांसह १०७ पदके मिळवली आणि चौथे स्थान घेतले. पुरुषांच्या १०० मीटर शर्यतीतले, जलतरणातले आणि डायव्हिंगमधले भारताचे शेवटचे आशियाई सुवर्ण मात्र अजूनही १९५१ चेच आहे.