प्राध्यापकांची उमेदवारी

सुताराचा मुलगा बापाच्या हाताखालीं रंधा धरावयास शिकतो. वकील होऊं पाहणारा तरुण ज्येष्ठ वकिलाच्या कचेरींत उमेदवारी करतो. प्राध्यापकाची गोष्ट निराळी आहे. एम्. ए. झाला कीं त्याच्या हातीं वर्ग येतो. पुढें केस पिकूं लागले कीं विभाग, समित्या आणि प्रसंगीं सबंध कॉलेजहि हातीं येतें. वर्ग चालविण्यास तो अडखळत कां होईना शिकतो. परंतु बरोबरीच्या विद्वान् व मानी माणसांस एका कामास कसें लावावें, हें त्यास कोणीं शिकवावें? १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेनें अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठीं खास केंद्रें निघालीं. तेथें आम्हीं व्याख्यानें ऐकलीं, प्रमाणपत्रेंहि मिळविलीं. त्यांचा उपयोग झाला नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण अडचणीच्या वेळीं आमच्या कामीं आलें तें बहुधा चार सहकाऱ्यांशीं चहाच्या वेळीं केलेलें बोलणें. असल्या अनौपचारिक बैठकींतून माणसें खरोखर घडतात काय, या प्रश्नाचें उत्तर पुण्याच्या इतिहासांत सांपडतें.

जानेवारी १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल निघालें, तेव्हां विष्णुशास्त्री चिपळूणकर तिशीच्या आंत होते आणि टिळक अवघे तेवीस वर्षांचे होते. माधवराव नामजोशी त्यांच्याबरोबर होते. वामन शिवराम आपटे आणि आगरकर मागाहून येऊन मिळाले. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ च्या आरंभीं फर्गसन कॉलेज स्थापन झालें. आजीव सभासदानें वीस वर्षें सेवा करावी व महिना ७५ रुपयांत संसार भागवावा, असा दंडक पडला. कारभार या सभासदांनींच आपसांत विचार करून चालवावयाचा होता. प्रिन्सिपॉल झाला तरी तो त्यांच्यांतलाच एक. मोठी संस्था चालविण्याचा पूर्वानुभव त्यांस नव्हता. वर्गणी कशी मिळवावी, अभ्यासक्रम कसा आंखावा, सरकारशीं कसें बोलावें, हें सारें ते एकमेकांच्या चुका पाहून शिकले. त्यांची उमेदवारी परस्परांच्याच हाताखालीं झाली म्हणावयाची.

परंतु या मंडळींत एक उणीव होती. चिपळूणकर १८८२ सालीं वारले, आणि ज्याचा शब्द सर्वांनीं मुकाट्यानें ऐकावा असा वडीलधारा कोणी उरला नाहीं. सभासदांनीं वेतनवाढ घ्यावी कीं नाहीं, बाहेरचीं कामें पत्करावीं कीं नाहींत, असे प्रश्न निघूं लागले. सभासदानें आपलें सर्व सामर्थ्य संस्थेसच वाहिलें पाहिजे, असा टिळकांचा आग्रह होता. संसाराचा वाढता भार व सभासदाचें स्वातंत्र्य यांकडेहि पाहिलें पाहिजे, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें होतें. सामाजिक सुधारणेवरील मतभेद तर 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्या स्तंभांत उघडे झालेच होते. १८९० सालीं गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें आणि वाद विकोपास गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत टिळकांनीं आपलें सविस्तर निवेदन लिहून देऊन संस्था सोडली. यांत कोणाची बाजू खरी, हा वाद आम्ही पुन्हां उकरून काढीत नाहीं. मतभेद होणें हा दोष नव्हे. तो वेळेवर मांडून निकालांत काढण्याची रीत बसली नाहीं, हा खरा दोष होय. एकाच तुरुंगांत १०१ दिवस काढलेल्या टिळक-आगरकरांची मैत्रीहि ती उणीव भरून काढूं शकली नाहीं.

याच सुमारास याच शहरांत दुसरी एक शाळा चालू होती. १८८७ पासून गोखले न्यायमूर्ति रानड्यांच्या देखरेखीखालीं सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचें काम पाहूं लागले. दिवसा कॉलेजांत शिकवावें आणि उरलेल्या वेळांत सरकारी अहवाल व आंकडे यांत बुडून जावें, असा हा क्रम होता. एकदां मोठ्या कष्टानें तयार केलेल्या अर्जास सरकारचें दोन ओळींचें कोरडें उत्तर आलें, तेव्हां तरुण गोखले खिन्न झाले. रानड्यांनीं त्यांस समजाविलें कीं, हे अर्ज नांवाला सरकारकडे जातात. खरे ते लोकांसाठीं असतात, कारण त्यांतून लोकांस विचार करण्याची संवय लागते. ही शिकवण कोणत्याहि व्याख्यानांतली नव्हे. हातांत घेतलेलें काम फसल्याच्या क्षणीं ती मिळाली, म्हणून ती जन्मभर टिकली. पुढें १८९७ सालीं विलायतेंत वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास गोखले गेले, त्या तयारींत रानड्यांबरोबर गणेश व्यंकटेश जोशी या हेडमास्तरांचेंहि साहाय्य होतें. एक न्यायाधीश, एक हेडमास्तर आणि एक प्राध्यापक, अशी ही बैठक होती.

या दोन्ही शाळांचें फळ पुढें दिसलें. टिळक गेल्यावर गणित शिकविण्यास गोखल्यांनीं १८९१ सालीं धोंडो केशव कर्व्यांस बोलावलें. कर्वे आजीव सभासद असतांनाच १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला. ज्या बाहेरच्या कामावरून एकदां फूट पडली, त्यास आतां जागा मिळाली. १९०२ सालीं सव्वीस वर्षांच्या रघुनाथराव परांजप्यांच्या हातीं कॉलेज सोंपविण्याचें धैर्यहि या मंडळींस झालें. आणि गोखल्यांनीं १९०५ मध्यें भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां नव्या सभासदास पांच वर्षांची उमेदवारी लावून दिली. स्वतःस जें लाभलें, तें त्यांनीं नियमांत बसविलें.

तात्पर्य आम्हांस असें दिसतें. खरें काम हातीं असावें, चूक दाखविणारा वडीलधारा जवळ असावा आणि भांडण्याची रीत आधींच ठरलेली असावी. या तिहींपैकीं एक नसलें तरी बैठक केवळ गप्पांची होते किंवा फुटते. शिवाय, वर आलेलीं सारीं नांवें ब्राह्मण पुरुषांचीं आहेत, हें विसरून चालणार नाहीं. आज आमच्या बैठकीच्या खोलींत नाना जातींचे, नाना गांवांचे सहकारी बसतात, स्त्रिया बसतात. एकमेकांची भाषा अर्ध्यावर ओळखण्याची सोय येथें नाहीं. म्हणून ही उमेदवारी आतां अधिक अवघड आणि अधिक अगत्याची झाली आहे. आम्हांस निवृत्त होण्यास थोडींच वर्षें उरलीं. गेल्या वर्षापासून शनिवारीं दुपारीं विभागांतील तरुण सहकाऱ्यांसह तासभर बसण्याचा परिपाठ आम्हीं ठेवला आहे. ज्याला जी अडचण असेल ती त्यानें मांडावी. आमचें चुकलें तेंहि मांडावें. पहिले दोन महिने कोणी आमची चूक काढली नाहीं. तिसऱ्या महिन्यांत एका तरुण बाईंनीं ती काढली, आणि त्या दिवशीं आमची बैठक खरी सुरू झाली.