आध्यात्मिक मैत्रीची कुळकथा : ॲनसीपासून कामठीपर्यंत

आध्यात्मिक मैत्री म्हणजे देवाच्या वाटेवर एकमेकांना सोबत करणाऱ्या माणसांचे नाते. ख्रिस्ती जीवनात हे नाते पहिल्यापासून आहे, पण त्याकडे नेहमीच विश्वासाने पाहिले गेले असे नाही. मठाबाहेर, संसारात राहणाऱ्या माणसाला अशा मैत्रीवाचून भागणार नाही, ही शिकवण सतराव्या शतकाच्या आरंभी आल्प्सच्या कुशीतल्या सॅव्हॉय प्रांतात ठामपणे मांडली गेली. पुढे त्याच प्रांतातल्या एका मिशनरी संघाबरोबर ती कन्हान नदीकाठच्या कामठी छावणीत आली.

तिचे मूळ शुभवर्तमानात सापडते. योहानाच्या शुभवर्तमानात अखेरच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमच्या पहिल्या मंडळीचे वर्णन येते: प्रार्थना एकत्र, भाकर मोडणे एकत्र आणि मालमत्ता सामाईक. मित्र आणि मंडळी ही दोन्ही नाती अशी एकाच काळात जन्मली, पण त्यांचे पुढे नेहमी जुळले नाही. चौथ्या शतकातले बेसिल आणि नाझियांझसचे ग्रेगरी हे अथेन्समध्ये शिकतानाचे जिवलग मित्र, आणि त्याच बेसिल यांनी पूर्वेकडच्या मठजीवनाला शिस्त लावली. मठ वाढले तशी एक रास्त भीतीही वाढली. दोघांची फार जवळीक झाली की तिसरा बाहेर पडतो, गट पडतात, सर्वांवर सारखे प्रेम राहत नाही. म्हणून ‘खास मैत्री’ हा मठात दोष ठरला. बाराव्या शतकात यॉर्कशरमधल्या रिव्हो मठाचे प्रमुख एल्रेड यांनी सिसेरोचा आधार घेऊन आध्यात्मिक मैत्रीवर संवादरूप ग्रंथ लिहिला आणि मैत्रीची बाजू घेतली. मात्र त्यांच्यासमोरचा वाचक मठवासीच होता.

संसारी माणसाचा विचार केला तो संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी. त्यांचा जन्म 1567 चा, सॅव्हॉयमधल्या थोरेन्स गावचा. 1602 मध्ये ते जिनिव्हाचे बिशप झाले, पण जिनिव्हा कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात असल्याने त्यांचा मुक्काम ॲनसी गावात असे. नात्यातल्या एका विवाहित स्त्रीला, मादाम द शार्मोआझी यांना, त्यांनी प्रार्थना आणि आचरण यांबद्दल मार्गदर्शनपर टिपणे लिहून दिली. त्यांतून 1609 मध्ये ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ हा ग्रंथ तयार झाला. सैनिक, कारागीर, राजदरबारी, गृहिणी अशा प्रत्येकाला आपापल्या जागी राहून भक्ती साधता येते, हा त्याचा गाभा.

या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात मैत्रीवर सलग काही प्रकरणे आहेत आणि त्यांची मांडणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. मैत्रीला तीन गोष्टी लागतात, असे फ्रान्सिस सांगतात. प्रेम दोन्ही बाजूंनी असावे, ते दोघांनाही ठाऊक असावे आणि दोघांत काहीतरी देवाणघेवाण असावी. एकतर्फी प्रेम हे प्रेम खरे, पण ती मैत्री नव्हे. मैत्रीची प्रत ठरते ती या देवाणघेवाणीवरून: केवळ रूप आणि मौजमजा यांचीच देवघेव असेल तर मैत्रीही तेवढ्याच मोलाची, सद्गुण आणि भक्ती यांची असेल तर ती सर्वांत मोलाची. म्हणूनच सर्व प्रेमांत मैत्री सर्वांत धोक्याची, हेही ते बजावतात, कारण मित्राचे गुण घेताना अवगुणही नकळत घेतले जातात.

यानंतर ते मठातल्या जुन्या आक्षेपाला हात घालतात. मठात सर्वांचे ध्येय एकच असते, तिथे खास मैत्रीची गरज नाही, हे त्यांना मान्य आहे. पण जगात राहणाऱ्याची गोष्ट निराळी. सपाट वाटेने चालणाऱ्यांना हात धरावा लागत नाही. निसरड्या, खडकाळ चढणीवर मात्र एकमेकांना धरूनच चालावे लागते. दाखले ते शुभवर्तमानापासून देतात: येशूचा योहान, मार्था आणि लाजार यांच्यावरचा जिव्हाळा, पौलाचा तीमथ्यावरचा. आल्प्सच्या पायवाटा तुडवलेल्या माणसाचा हा युक्तिवाद आहे आणि त्याचे बळ अजून ओसरलेले नाही.

शिकवणीला जोड आचरणाची होती. 1604 मध्ये दिजाँ येथे त्यांची जेन द शांताल या विधवेशी भेट झाली आणि या दोघांच्या मैत्रीतून 6 जून 1610 रोजी ॲनसीला ‘व्हिजिटेशन’ हा स्त्रियांचा संघ उभा राहिला. आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करणे हा मूळ बेताचा एक भाग होता. लियाँच्या आर्चबिशपांच्या आग्रहामुळे त्या स्त्रियांना पुढे मठाच्या भिंतीआड राहावे लागले. घरोघर जाणारे ते काम नंतर इतर संघांनी उचलले; 1650 मध्ये ल पुई येथे निघालेला सेंट जोसेफच्या सिस्टर्सचा संघ त्यांपैकी एक. फ्रान्सिस 1622 मध्ये वारले आणि 1665 मध्ये त्यांना संतपद मिळाले.

24 ऑक्टोबर 1838 रोजी पियेर-मारी मेर्मिये या धर्मगुरूंनी ॲनसी धर्मप्रांतात याच संताच्या नावाने मिशनरींचा संघ काढला. (डॉन बॉस्को यांचे सालेशियन निराळे, नाव मात्र याच संताचे.) गावोगाव धर्मजागृती, परदेशी मिशन आणि शिक्षण ही त्याची कामे, आणि सदस्यांनी एकत्र राहायचे हा नियम. या संघाची पहिली तुकडी 1845 मध्ये निघाली आणि 1846 मध्ये विशाखापट्टणमला उतरली. 1849 मध्ये सेंट जोसेफच्या सिस्टर्स यानमला आल्या.

कामठी विशाखापट्टणमपासून सरळ रेषेत मोजली तरी साडेपाचशे किलोमीटरहून दूर, आणि मधे बस्तरचे अरण्य. तरीही ती याच मिशनकडे आली, ती लष्करामुळे. इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यातल्या 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर 1821 मध्ये नागपूरजवळ कामठीची छावणी वसली आणि तिथे मद्रास लष्कराच्या पलटणी असत. गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक होते. देशी पलटणींबरोबर तमिळ-तेलुगू भाषक शिपाई, नोकरचाकर आणि त्यांचे कुटुंबकबिले होते. भाषा वेगळ्या, भाऊबंद दूर, आणि पलटण हलली की शेजारही बदलायचा. अशा वस्तीत बाप्तिस्म्याला साक्षीदार, लग्नाला वडीलधारे आणि मयताला खांदेकरी मिळायचे ते मंडळीतूनच. फ्रान्सिस यांनी संसारी माणसाच्या ज्या निसरड्या वाटेबद्दल लिहिले, ती कामठीत रोजची होती. तिथे चर्च आणि कॉन्व्हेंट उभे राहिले.



1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि व्यापारउदीम हळूहळू छावणीकडून शहराकडे सरकला. मिशनचे केंद्रही सरकले. 1870 मध्ये नागपुरात संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाची शाळा निघाली. 1887 मध्ये विशाखापट्टणमपासून वेगळा करून नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि त्याचे पहिले बिशप अलेक्सी रिकाज हे मेर्मिये यांच्या संघाचे होते. 1953 मध्ये नागपूर महाधर्मप्रांत झाला. त्याचे पहिले आर्चबिशप युजीन डिसोझा हेही याच संघाचे. 1956 मध्ये एस.एफ.एस. (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) कॉलेज सुरू झाले. नागपूरचे कॅथीड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्याच नावाने आहे आणि 24 जानेवारी हा त्यांचा सण.