गाजरगवताचे नाव आणि गायरानाचा इतिहास

एखाद्या वनस्पतीला पडलेले लोकनाम हा इतिहासाचा पुरावा मानावा काय? मानायला हरकत नाही. मात्र तो नेमका कशाचा पुरावा आहे, हे तपासून घ्यावे लागते. ज्या तणाला आपण गाजरगवत म्हणतो, त्याला वऱ्हाडात आणि उर्वरित महाराष्ट्रातही 'काँग्रेस गवत' हे नाव रूढ आहे. 'चटकचांदणी' असेही एक सुंदर नाव त्याला आहे, पण ते मागे पडले. या नावामागची कथा सर्वांना ठाऊक असते: पीएल-४८० योजनेखाली अमेरिकेतून आलेल्या निकृष्ट गव्हाबरोबर हे बी आले, राज्य काँग्रेसचे होते, आणि त्याची पांढरी फुले गांधीटोपीसारखी दिसतात.

ही कथा तारखांपुढे टिकत नाही. भारत आणि अमेरिका यांच्यातील पहिला पीएल-४८० करार ऑगस्ट १९५६ मधला. हे तण पुण्यात उकिरड्यांवर तुरळक आढळल्याची नोंद मात्र १९५१ पर्यंत मागे जाते, आणि राव यांनी भारतातील नवी वनस्पती म्हणून त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली तीही १९५६ सालीच. १९५१ मध्ये अमेरिकेने कर्जाऊ गहू दिला होता, त्यामुळे धान्याबरोबर बी आले असण्याची शक्यता उरतेच. पण त्याही आधी, १८१४ साली छापलेल्या रॉक्सबर्गच्या कलकत्ता उद्यानाच्या यादीत ही वनस्पती आहे. म्हणजे पाहुणा जुना. त्याचा प्रसार तेवढा नवा.

मग कथा टिकली कशी? माझ्या मते तिच्यात १९७२ चा दुष्काळ मिसळला आहे. रोजगार हमीची खडी फोडत ज्यांनी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली, त्यांच्या स्मरणात परक्या धान्याची लाज आणि परके तण एकत्र आले. वनस्पतिशास्त्र म्हणून ही कथा लंगडी असली, तरी मनःस्थितीचा दस्तऐवज म्हणून ती खरी आहे. तिचा दोष वेगळाच आहे. दोष जहाजावर ढकलला की रान मोकळे कोणी केले, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

बुलढाणा जिल्ह्यापुरते या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तर एकोणिसाव्या शतकात जावे लागते. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकन यादवी युद्धाने कापसाला भाव आणला आणि १८७० साली खामगावला रेल्वे आली. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन कापसाखाली जात राहिली तसे गवत बालाघाटाच्या हलक्या बरडांवर आणि अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर लोटले गेले. १८८६ च्या कायद्याने वऱ्हाडातील सरकारी वनांचे तीन वर्ग पाडले: इमारती लाकूड व सरपणाचा 'अ', रमणे आणि बाभूळबने यांचा 'ब', व चराईचा 'क'. महसुली कागदांत गावच्या चराऊ जमिनीला मिळालेले 'ई-क्लास' हे नाव तर आजही ग्रामसभेत ऐकू येते. धनगरांचे आणि गवळ्यांचे रान असे एका रोमन अक्षरात मावले. (आपल्या ग्रामीण साहित्यात शेताच्या बांधावरून इतके रक्त सांडले, पण गायरानावर त्या मानाने शाई फारच थोडी सांडली, याचाही कोणी अभ्यासकाने शोध घ्यावा.)

रमण्याला राखण होती, म्हणून तेथे गवत कापले जाई. ई-क्लास सर्वांची, म्हणून राखण कोणाचीच नाही. मारवेल आणि शेडा ही चवीची गवते ढोरे आधी खातात. ती बी धरण्यापूर्वीच संपली की उघडी माती उरते. गाजरगवत कडू आहे, त्याला ढोर सहसा तोंड लावत नाही, आणि भुकेने लावलेच तर दुधाला कडवटपणा येतो. म्हणजे चराई स्वतःच त्याची निवड करते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलते, एक झाड हजारो बिया टाकते, आणि ओल असेल तर वर्षात अनेक पिढ्या होतात. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या रोपांची वाढ रोखते आणि उपटणाऱ्याच्या हातांना खाज आणते. म्हणून ते फुलण्याआधी उपटावे आणि खतात कुजवावे, हा सल्ला शेतात साधतो. ई-क्लासवर तो पाळायचा कोणी, हा पेच राहतो.

मेक्सिकोतून १९८३ साली भुंगेरे बेंगळुरूला आणले गेले आणि पुढच्या वर्षी शेतात सोडले गेले. पुढे ते सूर्यफुलावर दिसल्याने गदारोळ झाला, चौकशी समिती नेमली गेली, आणि धोका किरकोळ ठरला. हे भुंगेरे पावसाळ्यात पाने चाळणीसारखी करतात. कोरड्या दिवसांत मात्र ते मातीत निजून राहतात.

दुसरा उपाय तरोट्याचा. पावसाळ्याआधी त्याचे बी फेकले की त्याची दाट रोपे गाजरगवताला वर येऊ देत नाहीत. येथे नावाचा घोटाळा पुन्हा होतो. आपण पहिल्या पावसात ज्याची भाजी खातो तो तरोटा वेगळा. या कामी ज्याचे प्रयोग विशेष गाजले, तो त्याचा अमेरिकन भाऊबंद. आणि तरोट्यालाही ढोरे फारसे तोंड लावत नाहीत. गाजरगवत जाऊन तरोटा आला, तर गायरान हिरवे दिसते, चराऊ होत नाही. त्यासाठी मारवेल पुन्हा लावून निदान दोन पावसाळे रान बंद ठेवावे लागते. आणि तेवढे दिवस शेळ्यामेंढ्या कोठे न्यायच्या, हे चराईबंदीचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेला आधी ठरवावे लागते.