गोमंतकीय परंपरेतील धनव्यवहार आणि त्याची शिकवण

धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चार पुरुषार्थांची मांडणी करताना शास्त्रकारांनी अर्थाला धर्माच्या मागे व कामाच्या पुढे बसविले आहे. या क्रमात मोठा व्यवहारी अर्थ आहे. जे देणे लागते ते आधी द्यावे, मग पुढील दिवसांसाठी गाठीशी ठेवावे, आणि त्यातून जे उरेल त्यानेच हौस भागवावी, असा तो अर्थ होय. देणे, ठेव आणि उपभोग हा क्रम ज्या घराने पाळला ते घर सामान्य मिळकतीवरही ताठ उभे राहिले. ज्याने तो उलटा केला त्याची जमीनजुमल्याची श्रीमंतीही दोन पिढ्यांत ओसरली.

काटकसरीच्या म्हणी मराठीत उदंड आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावे, थेंबे थेंबे तळे साचे, ऋण काढून सण साजरा करू नये, हे लहान मुलालाही पाठ असते. परंतु म्हण पाठ असणे निराळे आणि मोहाच्या क्षणी ती आठवणे निराळे. गोमंतकातील पूर्वजांनी मनुष्यस्वभावाची ही दुर्बलता ओळखली होती. म्हणून त्यांनी हा क्रम नुसत्या उपदेशावर सोपविला नाही. गावच्या, देवस्थानच्या आणि घरच्या कारभारात तो रीतीने बांधून टाकला. त्या रीतींचा इतिहास पाहिला म्हणजे त्यांतील शहाणपण आजच्या संसारालाही किती उपयोगी आहे हे ध्यानात येते.

गावकरीचा कारभार

गोव्याची गावकरी संस्था पोर्तुगीजांच्या आगमनाहून पुष्कळ जुनी आहे. १५१० मध्ये तिसवाडी हाती आल्यावर नव्या राज्यकर्त्यांना गावच्या जमिनींचा कारभार गावकरांकडेच ठेवणे सोयीचे वाटले. १५२६ साली अफोंसो मेशिया या महसूल अधिकाऱ्याने गावकरांच्या चालत आलेल्या रूढी नोंदवून सनद तयार केली. तीच इतिहासात ‘फोराल’ म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात फिलिप नेरी शाव्हियेर यांनी १८५२ मध्ये आणि कुन्य रिव्हारा यांनी १८७० मध्ये या संस्थेवर ग्रंथ लिहिले. संस्था निर्माण करण्याचे श्रेय अर्थातच सनदेचे नाही. गावात जे चालू होते तेच तिने कागदावर आणले.

गावकरीची शेते ठराविक मुदतीने पावणी करून, म्हणजे जाहीर लिलावाने, कसावयास दिली जात. पावणी सर्वांसमक्ष होई, घेणाऱ्याला जामीन द्यावा लागे आणि कुळकर्णी त्याची नोंद करी. उत्पन्न आले की त्यातून प्रथम सरकारदेणे भागे. त्यानंतर बांधबंदिस्ती, गावाची सेवा करणारे आणि सार्वजनिक कामे यांचा खर्च निघे. हे सारे भागल्यावर जे शिल्लक राही त्याची गावकरांत वाटणी होई आणि त्या वाटणीला ‘झोण’ म्हणत. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की मालकाचा वाटा सर्वांत शेवटी होता. गाव गावकरांचा असूनही गावकराला आधी मिळत नसे.

याचे कारण खाजन शेतीत सापडते. मांडवी, जुवारी यांसारख्या खाऱ्या नद्यांच्या काठी मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवावयाचे आणि ‘मानस’ नावाच्या लाकडी दारांतून पाण्याची ये-जा राखावयाची, अशी ही शेती. खारट जमिनीतही तग धरणारे कोरगूट भात तीत पिकते. पण कुर्ल्यांनी पोखरलेला बांध वेळीच बुजविला नाही तर एका मोठ्या भरतीत खिंडार पडते, खारे पाणी शेतात शिरते आणि एका वर्षाचेच नव्हे तर पुढच्या वर्षांचेही पीक जाते. म्हणून बांधाचा खर्च हा उरल्यास करावयाचा खर्च नव्हे, हे गावाला अनुभवाने कळले होते. प्रत्येक संसाराचाही असा एक बांध असतो. गळके छप्पर, दुखणे, मुलांचे शिक्षण, विम्याचा हप्ता हे खर्च पुढे ढकलले की आज पैसा वाचल्यासारखा वाटतो आणि उद्या त्याच्या कितीतरी पट भरावा लागतो.

हा क्रम बिघडल्यावर काय होते तेही गावकरीच्याच इतिहासात दिसते. सरकारच्या वाढत्या मागण्या पुऱ्या करण्यासाठी अनेक गावकऱ्यांना कर्जे काढावी लागली. वाटे विक्रीयोग्य झाले आणि ज्यांनी गावचा बांध कधी पाहिला नाही अशांच्याही हाती गेले. अशा भागधारकाचे लक्ष साहजिकच झोण किती मिळाला एवढ्यावरच राहिले. पुढे मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, जमिनीचे नाते बदलले आणि बांधांची देखभाल कूळसंघांकडे गेली. त्या कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला. परंतु जेथे बांधाकडे दुर्लक्ष झाले तेथे खाऱ्या पाण्याने कूळ व मालक असा भेद केला नाही.

देवस्थानचा हिशेब

सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीतील देवळे पाडली गेली. देवालयांच्या जमिनी व उत्पन्ने ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. ज्या महाजनांची घरेदारे सुटली त्यांनीच परमुलखात देवाची पुन्हा स्थापना केली. कवळ्याचे मंदिर छत्रपती शाहूंच्या काळात, नारोराम मंत्री यांच्या पुढाकाराने, १७३८ च्या सुमारास उभे राहिले. एवढा आघात सोसूनही या संस्था टिकल्या त्याचे मूळ भक्तीत आहे हे खरेच. पण भक्तीला हिशेबाची जोड नसती तर ती पिढ्यानुपिढ्या उभी राहू शकली नसती.

पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये महाजनसंस्थांसाठी नियमावली केली. तीमधून सरकारी देखरेखीचा जाच झाला, अशी तक्रार पुष्कळदा झाली आहे आणि तीत तथ्य आहे. तथापि त्या नियमांनी एक वळण लावले. दर तीन वर्षांनी कार्यकारी समितीची निवड, अध्यक्ष, खजिनदार व मुखत्यार यांची वाटून दिलेली कामे, वर्षारंभी अंदाजपत्रक आणि वर्षअखेर हिशेब, ही शिस्त देवस्थानांच्या अंगवळणी पडली. ज्याच्या हाती पैसा त्याच्याच हाती सर्व निर्णय नसावा, हे तत्त्व त्यात आहे. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर अविश्वास नाही. उलट प्रामाणिक माणसाला संशयापासून वाचविणारी ही व्यवस्था आहे. घरातही जेथे एकच कर्ता सारे व्यवहार मनात ठेवतो तेथे त्याच्या मागे पत्नीला व मुलांना देणेकरी आधी भेटतात आणि येणेकरी कधीच भेटत नाहीत.

गोव्याच्या दिवाणी कायद्याने या बाबतीत एक चांगला आधार दिला आहे. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे, लग्नाच्या वेळी निराळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि निम्मा वाटा पत्नीचा असतो. स्थावर विकावयाचे तर दोघांचीही संमती लागते. निम्म्या धनाच्या मालकिणीला घरच्या ठेवी व कर्जे ठाऊक नसावीत, ही गोष्ट कायद्यालाही धरून नाही आणि शहाणपणालाही.

घरची बेगमी

पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’ या शब्दावरून गोव्यात ‘पुरमेंत’ हा शब्द रूढ झाला. मिरगापूर्वी, मे महिन्यात, पावसाळ्याची सारी बेगमी करावयाची ती ही पुरमेंत. तांदूळ, सुक्या मिरच्या, सोले, चिंच, मीठ, नारळ, आठळ्या, सुकी मासळी आणि सरपण घरात भरले म्हणजे चार महिने निर्धास्त. वस्तू मुबलक असते तेव्हा ती स्वस्त मिळते आणि गरजेच्या वेळी घ्यावयास गेले तर विकणारा म्हणेल तो भाव द्यावा लागतो, हे अर्थशास्त्राचे तत्त्व घरच्या बाईला ग्रंथ न वाचताच अवगत होते.

या बेगमीतही एक मर्यादा कडक पाळली जाई. पुढील पेरणीचे बियाणे पेंढ्याच्या मुड्यात बांधून निराळे ठेवीत आणि कितीही ओढ लागली तरी ते शिजवीत नसत. खावयाचे धान्य आणि पेरावयाचे धान्य यांतला हा भेद म्हणजेच उत्पन्न आणि भांडवल यांतला भेद होय. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तेथून येणारा तांदूळ थांबला आणि गोव्यात धान्याची टंचाई भासू लागली. अशा वेळी ज्याच्या घरी भाताची कणगी व बियाण्याचा मुडा होता त्याला आपल्या शेताचा आधार राहिला; केवळ विकतच्या तांदळावर जगणाऱ्याच्या हाती पैसा असूनही त्याचे पोट दुसऱ्याच्या हाती गेले.

ऋणाचे दोन प्रकार

परंपरेने ऋण सर्वस्वी निषिद्ध मानले नाही. बैल, बियाणे, विहीर किंवा शिक्षण यांसाठी काढलेले ऋण स्वतःची फेड स्वतःच करते. मानपानासाठी, लग्नातील थाटासाठी, शेजाऱ्याच्या बरोबरीसाठी काढलेले ऋण मात्र फेडावयाला दुसरे काही विकावे लागते. गोव्यातील कितीतरी माडांची भाटे एका मांडवाच्या शोभेसाठी गहाण पडली आणि परत आली नाहीत.

सावकारी व्याजाच्या या फासातून सुटण्यासाठी मराठी समाजाने सहकाराचा मार्ग धरला. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली. मुंबईत १९०६ मध्ये श्रीपाद सुब्बराव तलमकी यांच्या प्रयत्नाने शामराव विठ्ठल यांच्या नावाची सहकारी संस्था निघाली, आणि १९१८ मध्ये सारस्वत संस्थेचा आरंभ झाला. लग्नकार्य, कर्जफेड व औषधपाणी अशा अडचणींत ज्ञातिबांधवांना उसंत मिळावी, हा या दुसऱ्या संस्थेचा मूळ हेतू होता. ओळखीच्या माणसांनी एकमेकांस जामीन राहून थोडे थोडे जमवावे आणि गरजवंताला द्यावे, ही तिची पद्धत. पावणीच्या वेळी जामीन घेणाऱ्या गावकरीचीच ही नव्या काळातील बहीण होय. मात्र जामीन राहणे म्हणजे सही करणे नव्हे. ज्याचे ऋण फेडण्याची आपली तयारी आणि ऐपत नाही त्याला जामीन राहू नये, हा जुना दंडक आजही तितकाच खरा आहे.

कागद आणि विसंबणे

बांको नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेची शाखा गोव्यात १८६८ मध्ये उघडली. अडीनडीला अंगावरचे सोने तारण ठेवण्यासाठी अनेक कुटुंबे तिच्याकडे जात. १९५९ मध्ये रुपिया जाऊन एका रुपियास सहा या दराने एस्कुदो आला आणि १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर एस्कुदोही जाऊन भारतीय रुपया आला. मुक्तीपूर्वी बँकेतील तारण सोने लिस्बनला हलविण्यात आले होते. दोन सरकारांच्या वाटाघाटींनंतर १९९१ मध्ये ते परत मिळाले. मधल्या तीस वर्षांत कित्येक मूळ मालक दिवंगत झाले होते. अशा वेळी ज्या घरी पावती जपलेली असते, तिथल्या वारसांचा हक्क बोलतो. जिथे ती नसते तेथे फक्त आठवण उरते.

या घटनेतून सोने वाईट किंवा बँक वाईट असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. सर्व ठेव एकाच जागी नसावी, एवढाच तिचा बोध आहे. केरळातील पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० मध्ये बुडाल्यावर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. तेव्हा ते दर ठेवीदारास १,५०० रुपयांपुरते होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ते एका बँकेत एका ठेवीदारास पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आले. त्याच वर्षी म्हापसा अर्बन बँकेचा आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा या मर्यादेचे महत्त्व गोमंतकीयांना प्रत्यक्ष कळले. ओळखीवर विश्वास असावा, पण तो तपासलेला असावा, आणि अधिक व्याजाचे आमिष दाखविणाऱ्याकडे बियाण्याचा मुडा कधीही देऊ नये.

पूर्वजांनी घालून दिलेला क्रम असा साधा आहे. देणे प्रथम, बांध दुसरा, बियाणे तिसरे आणि झोण शेवटी. हिशेब लेखी असावा, तो घरातील दोघांना तरी ठाऊक असावा, आणि पावती जपून ठेवावी. महाजनांच्या सभेत देवस्थानचा वार्षिक जमाखर्च वाचला जातो तेव्हा शेवटच्या रांगेतील महाजनालाही प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. वर्षातून एक दिवस, पाडव्याला म्हणा की दिवाळीतील वहीपूजनाला, प्रत्येक घरानेही आपला जमाखर्च असाच सर्वांसमक्ष वाचला, आणि त्या घरातील सून व मुलगी यांनाही प्रश्न विचारता आला, तर कुलदेवतेच्या चरणी वाहिलेली ती एक मोठीच सेवा ठरेल.