डोरिया ते ग्रूमर: कुत्र्याच्या केसांचा इतिहास

थ्रेड. विषय यावेळी किल्ल्यांचा किंवा ताम्रपटांचा नाही, त्यामुळे थोडा धीर धरावा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, धरणगावी, आम्ही आमच्या मोतीचे केस मशीनने सपाट काढून आणले. पारा पंचेचाळीसच्या घरात होता. मोती हा पांढऱ्या झुपकेदार केसांचा स्पिट्झ. आपल्याकडे या जातीला सरसकट पोमेरियन म्हणतात. दिवसभर जीभ बाहेर काढून धापा टाकणारे ते जनावर पाहवेना, म्हणून दयेपोटीच आम्ही त्याला जिल्ह्याच्या गावी एका दुकानात नेले. आठ दिवसांत त्याच्या पाठीची कातडी लाल झाली. दिवाळी आली तरी कमरेवरचे केस परतले नव्हते.

दुकानदाराला दोष देऊन मोकळे होता आले असते. परंतु केस काढा असे सांगणारे आम्हीच होतो. म्हणून प्रश्न असा पडला की कुत्र्याचे केस कापावेत ही कल्पना मुळात आली कोठून, आणि ती कोणाच्या सोयीची होती?

आरंभ शब्दापासून करू. इंग्रजीतील 'ग्रूम' म्हणजे मूळचा पोऱ्या, हरकाम्या नोकर. पुढे तो घोड्याची निगा राखणारा झाला आणि त्यावरून निगा राखण्याच्या क्रियेलाच ते नाव पडले. मराठीत या माणसासाठी 'मोतद्दार' हा भारदस्त शब्द आहे आणि त्याच्या कामासाठी 'खरारा'. जनावराची निगा आपल्याला परकी नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, जोखडाने घट्टे पडलेले बैलांचे खांदे तुपाहळदीने चोळले जातात. धनगरांची कात्री मेंढीच्या अंगावर कशी सफाईने फिरते, तेही अनेकांनी पाहिले असेल. पण कुत्र्याला कोणी खरारा केला, असे आपल्या बोलण्यात येत नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबासोबतही कुत्रा असतो. घरातल्या कुत्र्याची जागा मात्र उंबऱ्याबाहेर.

युरोपात कुत्र्याचे केस कापण्याची प्रथा प्रथम कामातून आली असे मानले जाते. पूडल हा आज दिवाणखान्यातला कुत्रा वाटतो, पण त्याचे मूळ काम पाण्यात पडलेली बदके शोधून आणण्याचे. नावही जर्मन भाषेतील पाण्यात डुंबण्याच्या शब्दावरून आलेले. त्याचे दाट कुरळे केस भिजले की जड होतात, म्हणून शिकारी त्याचा मागचा भाग भादरत. छाती आणि सांधे गारठू नयेत म्हणून तेथील केस ठेवत. पूडलच्या पायांवरचे ते गोंडे, ज्यांना आपण हसतो, ते या हिशेबाचे अवशेष आहेत.

पुढे गोंडे राहिले आणि हिशेब गेला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी आणि पाँ नफ पुलावर कुत्री भादरणारे स्त्री-पुरुष पेटी घेऊन बसत. त्या काळच्या छापील चित्रांत ते दिसतात: मांडीवर आडवा धरलेला कुत्रा, हातात कात्री, शेजारी वाट पाहणारी बाई. धंदा म्हणून कुत्र्याचे केस कापणाऱ्यांच्या या सर्वांत ओळखीच्या प्रतिमा. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. प्रदर्शने वाढली आणि कोणत्या जातीचे केस कसे दिसावेत हे लिखित नियमांनी ठरू लागले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेचे हातमशीन आले आणि तासाभराचे काम मिनिटांवर आले. मोतीचे केस दहा मिनिटांत उतरले, ते या शोधाच्या कृपेने.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीपाशी त्यांच्या खंड्या कुत्र्याचेही स्मारक आहे. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि त्याला पालखीचा मान मिळाला, असे परंपरा सांगते. खंड्याला रोज कोण घासूनपुसून स्वच्छ करत असे, याबद्दल परंपरा मौन पाळते. दख्खनच्या कारवानी कुत्र्यांत रेशमी केसांचा एक प्रकार आहे, त्याला पश्मी म्हणतात. 'पश्म' म्हणजे फारसीत लोकर. म्हणजे केसांची नोंद नावात झाली, ते विंचरणाऱ्याची कोठेच नाही.

धरणगावकरांना हे ठाऊक असेल की १६७४ साली इंग्रजांची वखार आमच्या गावात होती आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने गाव लुटले. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने येथेच भिल्ल पलटण उभी केली. औट्रम वाघांच्या शिकारीसाठीही नावाजलेला होता. कंपनी सरकारच्या अशा अंमलदारांबरोबर हिंदुस्थानात विलायती कुत्री आली आणि त्या कुत्र्यांबरोबर एक नवी नोकरी आली.

तिचे नाव डोरिया. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात हा शब्द आहे: दोरी धरणारा, कुत्री सांभाळणारा. इतरत्र त्याला 'डॉग-बॉय' म्हणत, मग तो चाळीस वर्षांचा का असेना. कुत्र्याला धुणे, विंचरणे, गोचिडी वेचणे, उन्हे उतरल्यावर फिरवणे ही त्याची कामे. सवर्ण नोकर कुत्र्याला हात लावत नसत, म्हणून बहुधा हे काम अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसाकडे, पुष्कळदा बंगल्याच्या झाडूवाल्याकडेच येई. कोशकारांनी १७८१ मधील कलकत्त्याच्या एका वर्तमानपत्रातील मजकूर उद्धृत केला आहे. कुत्रा चोरीला गेला, आणि ज्या डोरियाने त्याला कलकत्त्यास आणले त्यानेच तो नेला, अशी ती तक्रार. ज्याच्या नावेतून कुत्रा गेला त्या कॅप्टन लॉचे नाव छापले आहे. डोरियाचे नाही.

मला हा उल्लेख सलतो. विलायती कुत्र्याला उष्ण प्रदेशात जगवायचे कसे याचे रोजचे ज्ञान या माणसांच्या बोटांत होते. १८९५ साली व्हेरो शॉ आणि कॅप्टन हेज यांनी उष्ण हवामानातील कुत्र्यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. मुखपृष्ठावर नावे अर्थातच त्या दोघांची. आज तेच काम इंग्रजी नावाने आणि वातानुकूलित दुकानात प्रतिष्ठेचे झाले आहे. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र डोरिया कुत्र्याला रोज हात लावत असे. आपण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कुत्रा दुकानात सोडतो आणि तासाभराने नेतो. मधल्या दिवसांचे काम आपले आहे, हे आपण विसरतो.

मोतीच्या बाबतीत चूक नेमकी कोठे झाली, हे नंतर पशुवैद्यांनी समजावून सांगितले. स्पिट्झ, हस्की, जर्मन शेफर्ड, लॅब्रेडोर यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वर राठ केस, खाली मऊ दाट लव. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घामाने थंड होत नाही. तो मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो, घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना. त्यामुळे केस काढल्याने आपल्याला वाटतो तसा गारवा त्याला मिळत नाही. उलट वरचा थर उन्हाला अडवत असतो, तो गेला की कातडी भाजते. स्पिट्झ वर्गातील कुत्र्यांचे केस मुळाशी कापल्यावर कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, परत येत नाहीत. उन्हाळ्यात उपाय एकच: सुटलेली खालची लव फणीने नियमित काढणे, सावली आणि भरपूर पाणी. पूडल किंवा शिह त्झू यांचे केस मात्र वाढतच राहतात, त्यांना कात्री हवीच. त्यांच्या केसांच्या गाठी झाल्या तर आधी त्या सोडवाव्यात किंवा काढाव्यात आणि मग आंघोळ घालावी. भिजल्यावर गाठ आवळते आणि कातडी ओढते. गाठी फारच झाल्या असतील तर सगळे केस काढणे हाच दयाळू मार्ग. तेथे रूपाचा हट्ट धरू नये.

दुकानात सोडण्यापूर्वी उभे राहून पाहावे. मशीनचे पाते तापते आणि त्याने चटका बसतो. चांगला कारागीर मधूनमधून ते स्वतःच्या मनगटाला लावून पाहतो. पिंजऱ्यात बंद करून गरम हवेच्या झोतात वाळवणे पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकते. नखात रक्तवाहिनी असते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून थोडे थोडेच कापतात. आपला शाम्पू वापरू नये, कारण माणसाची त्वचा आम्लधर्मी, तर कुत्र्याची जवळजवळ उदासीन. गोचिडींसाठी गावाकडे आजही कोणी रॉकेल चोळतो. त्याने कातडी पोळते आणि कुत्र्याने अंग चाटले की ते पोटात जाते. गोचिडींतून एर्लिकिया आणि बॅबेसियासारखे जीवघेणे आजार येतात, त्यासाठी औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे.

आणखी एक गोष्ट, जी फारसे कोणी विचारत नाही. कुत्रा स्थिर राहत नाही म्हणून त्याला गुंगीचे औषध देऊ का, असे दुकानात विचारले तर सरळ नकार द्यावा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याचा आहे. ग्रूमरसाठी अशी कोणतीही परिषद नाही, त्यामुळे भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र किती आठवड्यांचे आहे हे आपणच विचारायचे असते.

मोतीचे केस परत येण्यास चौदा महिने लागले. यंदा उन्हाळ्यात त्याला दुसऱ्या एका कारागिराकडे नेले. त्याने मशीन हातातही घेतले नाही. आधी पाठीवरून उलटा हात फिरवला, कानांचा वास घेतला, पंजांच्या बोटांमध्ये पाहिले, आणि दोन गोचिडी काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. मग मला विचारले, "घरी रोज कोण विंचरतं याला?"