गावाची राखण, राखणदाराची हजेरी

‘पोलीस’ हा शब्द मराठीत रुळण्यापूर्वीही गावे रात्री निर्धास्त झोपत असत. ती कोणाच्या भरवशावर झोपत, हे पाहावयाचे तर वेशीपासून सुरुवात करावी लागते. वेशीवर वेसकर महार असे, रात्री गस्त घालणारा जागल्या असे, आणि डोंगराळ मुलखात हेच काम रामोशी, कोळी किंवा भिल्ल यांच्याकडे असे. त्या सर्वांवर पाटलाची नजर. रोख पगार नव्हता; वतनाची थोडी जमीन आणि खळ्यावरचा धान्याचा वाटा, एवढाच मोबदला.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन साहेबाने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल सरकारला सादर केला. त्यात या जागल्याच्या कामाचे जे वर्णन आहे, ते वाचताना आम्हांला कौतुकही वाटते आणि संकोचही. गावात कोण आले, कोण गेले, परका माणूस कोठे उतरला, कोणाची चालचलणूक कशी आहे, हे सारे त्याने ध्यानात ठेवायचे आणि संशय येताच पाटलाच्या कानी घालायचे. चोरी झाली की चोराचा माग त्यानेच काढायचा. माग शिवेपलीकडे गेला की तो शेजारच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. मग त्या गावाने तो पुढे न्यायचा. चोर हाती लागला नाही, तर गेलेल्या मालाची भरपाई जागल्याने ऐपतीप्रमाणे करायची आणि उरलेली गावाने. टीचभर वतनावर जगणाऱ्या माणसाने सावकाराच्या पेटीतील ऐवज भरून द्यावा, हा न्याय विलक्षणच म्हणायचा! एल्फिन्स्टनलाही ही भरपाई अन्यायाची वाटली होती, आणि ती पुरेपूर क्वचितच वसूल होई असे त्याने नमूद केले आहे. तरीही ती हवीच, असे तो पुढे म्हणतो; कारण त्याच्या मते राखणदार पुष्कळदा स्वतःच चोर असतो.

हे एक वाक्य आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. पुढील शंभर वर्षांचा इतिहास जणू त्याच्या पोटात होता.

पुण्यातील रीत पाहा. सुखवस्तू घरे आणि छावणीतील गोऱ्यांचे बंगले रामोशाला रखवालीस ठेवीत. ज्याच्या दारी रामोशी, त्याच्या घरी चोरी नाही, असा समज होता. आणि जो ठेवणार नाही त्याच्या घरी ती होणारच, असाही. मग त्या पगाराला मेहनताना म्हणावे की खंडणी? साहेबलोक दुसरा शब्द पसंत करीत. आम्हांला वाटते, ज्याचा हक्क कोणी कागदावर मानत नाही, तो आपला हक्क अशाच वाटेने वसूल करतो. अर्थात, ज्या गरिबाच्या घरी चोरी झाली त्याला हे समाधान कितपत पुरले असेल, हा प्रश्न उरतोच.

इंग्रजी अमलात किल्ल्यांवरची शिबंदी मोडली आणि डोंगरमाथ्यावरच्या राखणदारांच्या पोटावर पाय आला. पुरंदरच्या परिसरातील भिवडी गावचा उमाजी नाईक यातूनच बंडाला उभा राहिला. नवल असे की, सरकारने मध्यंतरी त्याला माफी देऊन बंदोबस्ताच्याच कामावर नेमले होते. चोर आणि चौकीदार यांमधील रेघ किती पुसट होती, हे सरकारलाही ठाऊक होते! तो पुन्हा उठला, पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेला. त्याला पकडणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशनेच त्याचे चरित्र आणि रामोशांची हकीकत लिहून १८३३ साली प्रसिद्ध केली. खानदेशात मात्र औटरमने १८२५ पासून भिल्लांचीच पलटण उभारली आणि राखणीचे काम त्यांच्याकडेच ठेवले.

१८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पाटील सरकारी यंत्रणेत बसला. जागल्या मात्र हळूहळू संशयिताच्या रांगेत ढकलला गेला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तरेकडे होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. जन्मावरून गुन्हेगार ठरलेल्या माणसाने नेमल्या वेळी हजेरी द्यायची, आणि परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. ज्याचे आजे-पणजे गावात कोण आले-गेले हे टिपत होते, त्याचेच येणेजाणे आता दुसरा टिपू लागला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी व बेरड यांची हजेरी बंद केली. अन्यत्र त्यासाठी स्वराज्याची वाट पाहावी लागली.

येथे आपल्या घरचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. या जमातींसाठी सरकारने ज्या वसाहती वसविल्या, त्यांपैकी काहींचा कारभार देशात ख्रिस्ती संस्थांकडे होता; साल्व्हेशन आर्मी त्यांत पुढे होती. तेथे शिक्षण आले, हातांना काम आले, हे खरे. पण फाटकाची किल्लीही त्याच हातांत होती, हे आपण आपल्या इतिहासातून गाळू नये.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. पुढे वतनेही गेली. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले होते. पोलीस पाटील राहिला, पण १९६७ च्या कायद्याने तो वंशाचा नव्हे तर नेमणुकीचा झाला. आता चोऱ्या वाढल्या की गावोगावी ग्राम सुरक्षा दले उभी राहतात; तरुण काठी, शिट्टी आणि बॅटरी घेऊन पाळीपाळीने जागतात. चोरी झालीच, तर भरपाई मात्र त्यांच्याकडे कोणी मागत नाही.